न दुखणारी माणसं

गजेंद्र खवशेची दोन बोटं पिकअपच्या फळक्यात चेंगरली, आणि तो फोनवर बोलतच राहिला.

आंबिया बहाराची संत्री हल्ली उन्हाच्या माऱ्यानं पोळ्याआधीच तोडीला येतात. गोदामासमोर क्रेट चढवून झाले होते. किसना हमालानं मागचा लोखंडी फळका दणकन लावला, तेव्हा गजेंद्रचा डावा हात नेमका कडेवर होता. हाड मोडल्याचा आवाज त्याच्या बायकोला, तनुजाला, गोदामाच्या दारात ऐकू आला. "अव माय व!" ती किंचाळली. ज्याची बोटं होती तो मात्र व्यापाऱ्याला सांगत होता, "हाव, उद्या सकाळी माल पोचते, तुमी काळजी नका करू," आणि आपला हात कशात अडकला म्हणून ओढून पाहत होता. शेवटी त्यानं उजव्या हातानं फळका उघडला आणि बोटं बाहेर काढली. मधलं बोट मागच्या बाजूला वळलं होतं. ते त्यानं धरून कटकन सरळ केलं आणि तनुजाकडे पाहून हसला.

"पाह्य तनू. काहीच नाई."

ते हसू तिथंच विझलं. डोळे लाल झाले, मानेची शीर फुगली, आणि तो किसनावर धावून गेला. त्याच हातानं! बोटांची मूठ वळत नव्हती, तर त्यानं मनगटानं मारलं, कोपरानं मारलं. किसना "मालक, चुकलं, मालक" करत क्रेटांच्या आड सरकत होता. गजेंद्रनं त्याला पायाला धरून बाहेर ओढला आणि त्याचं तोंड चाकावर आपटलं. मग पुन्हा आपटलं. तनुजा मधे पडली तर तिला असा हिसका बसला की ती क्रेटांवर जाऊन कोसळली. किसनाचे दात मातीत पडलेले दिसले तेव्हा कुठे बाकीच्या हमालांना हालचाल सुचली. त्यांनी सगळ्यांनी मिळून मालकाला दाबून धरलं, आणि तशा अवस्थेतही तो हसतोय की रडतोय ते कुणाला कळेना.

आता हा माणूस पहिल्यापासूनच असा असता तर सांगण्यासारखं काही नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, गजेंद्रनं तनुजावर कधी आवाज चढवला नव्हता. इंजेक्शन म्हटलं की तोंड फिरवणारा गडी. उन्हाळ्यात मुतखड्याची कळ आली तेव्हा याच गड्यानं अंगणात लोळून बाजेचा दोर दातांनी चावला होता. "तनू, मले विहिरीत ढकल, पण हे थांबव," असं रडून म्हणाला होता.

मुतखडा तिकडे नवा नाही. काचन नदीच्या अलीकडे पळसढव, पलीकडे निंभोरी. दोन्हीकडे उन्हाळा भट्टीसारखा तापायला लागला आणि बोअर इतक्या खोल गेल्या की पाण्याची भांडी आतून पांढरी व्हायला लागली. त्या पाण्यानं घरटी एक तरी माणूस कळवळू लागला. मग तालुक्याच्या इस्पितळात शिबिरं भरली. दुर्बीण लघवीच्या वाटेनं आत न्यायची, लेसरनं खड्याचा भुगा करायचा, आणि सुजलेली वाट मिटू नये म्हणून एक मऊ नळी आतच ठेवून द्यायची. तिचं एक टोक मूत्रपिंडात, दुसरं मूत्राशयात. डॉक्टर तिला स्टेंट म्हणतात आणि पेशंट तिला शिव्या घालतात, कारण खडा गेला तरी नळी टोचत राहते.

हे दुखणं कमी करायला डॉक्टर फार पूर्वीपासून स्टेरॉइड वापरून पाहत. पैलवान चोरून घेतात ते नव्हे. आपल्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक बारकी ग्रंथी असते, ती कॉर्टिसोल तयार करते, त्याची ही भावंडं. सूज उतरवणं हे त्यांचं काम. ऑपरेशनच्या वेळी एक इंजेक्शन, नंतर थोडे दिवस गोळ्या, की वाटेची सूज उतरते आणि कळ सोसवते. पण गोळी अंगभर फिरते. साखर वाढते, झोप उडते, काहींचं डोकं भडकतं. म्हणून ही नवी नळी निघाली, 'शमन' नावाची. तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे मणी, आणि मण्यांत एक नवं कॉर्टिकोस्टेरॉइड भरलेलं. वाट आखडून दाब वाढला की तेवढ्यापुरते मणी फुटायचे आणि औषध जागच्या जागी झिरपायचं. ते सूज उतरवायचंच, शिवाय दुखण्याची खबर मेंदूकडे नेणारे मज्जातंतू मिनिटांत गप्प करायचं. दुखेल तेव्हाच औषध आणि दुखेल तेवढंच औषध. कागदावर याहून शहाणी वस्तू सापडली नसती.

इस्पितळाच्या डॉक्टर इंगोले मॅडमनी प्रत्येकाला एक ताकीद दिली होती. लघवी दाबून धरायची नाही. मूत्राशय तुडुंब भरलं की लघवी नळीतून उलटी वर चढते आणि मूत्रपिंडात दाब एकदम वाढतो. गजेंद्रनं ती ताकीद मोडली ती संत्र्याच्या लिलावात. उठावं तर बोली हुकणार, म्हणून तांब्याभर पाणी पिऊन तो तसाच बसून राहिला. आधी बरगडीखाली मरणाची कळ आली. आणि मग सगळंच थांबलं. नळीची टोचणी गेली, जुनी पाठ गेली, किडलेली दाढ गेली. छातीत असं काही भरून आलं की अख्खा बाजार उचलून फेकावा. घरी आला तो अंगणात ताठ चालत आला, आणि त्या रात्रीपासून त्याची झोप गेली.

ही करामत त्यानं पळसढवच्या मित्रांना सांगितली. नळीवाले त्यांच्यात पुष्कळ होते. पाणी प्यायचं आणि दाबून धरायचं, बस. नळी काढायच्या तारखा आल्या आणि गेल्या, एकही गडी इस्पितळाकडे फिरकला नाही.

किसनाला मारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तनुजा एकटीच तालुक्याला गेली. किसनाचा जबडा तारांनी बांधला होता. तिनं आणलेला डबा पाहून त्यानं भिंतीकडे तोंड केलं. तिला धरणी दुभंगावी असं झालं. तशीच ती इंगोले मॅडमसमोर जाऊन बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

"मुद्दाम दाबून धरतात?" मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "अहो, इतक्या लोकांवर तपासून मग ही नळी बाजारात आली. पण माणूस मुद्दाम लघवी कोंडून बसेल, हे कुणाच्या ध्यानीमनी तरी येईल का?"

"आमच्या गावच्या ध्यानात आलं," तनुजा म्हणाली.

"एका वेळी इतके मणी फुटले की औषध तिथं मावत नाही. रक्तात उतरतं. अंग बधिर होतं आणि डोक्यात जाळ." मॅडमनी कपाळ चोळलं. "दुखणं हा ब्रेक असतो, तनुजाताई. मोडक्या बोटांनी माणूस मारत नाही, कारण त्याला दुखतं. यांचा ब्रेकच काढून घेतलाय आम्ही."

"मग काढून टाका ना ते नळी."

"घेऊन या त्यांना. क्षणाचं काम आहे. लोक काढायला परत येत नाहीत म्हणून आम्ही नळीचा दोरा बाहेर ठेवतो, मांडीला चिकटवलेला. सावकाश, न थांबता ओढला की नळी बाहेर." एवढं बोलून त्या चपापल्या. "पण त्यांच्या मर्जीशिवाय नाही हं. मी वर कळवते. पोळा झाला की पथक येईल."

"पोळा झाल्यावर?" तनुजा उठून उभी राहिली. "मॅडम, पोळ्याच्या करीले आमच्याकडं धोंडेमार असते."

मॅडम नागपूरच्या. त्यांनी धोंडेमारीचं नाव ऐकलं होतं, पण पाहिली नव्हती. ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती खोटीच वाटते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काचन नदीच्या पात्रात पळसढव आणि निंभोरी एकमेकांना दगड मारतात. मधोमध पळसाचं खोड रोवतात, त्यावर झेंडा. ज्यानं झेंडा तोडला त्याचा गाव जिंकला. का मारतात, कधीपासून मारतात, धड कुणालाच सांगता येत नाही. बंदी घालून झाली, रबरी चेंडू वाटून झाले, पोलिसांचं ड्रोन डोक्यावर फिरवून झालं. दगड काही थांबले नाहीत. तरी पण माणसं बहुतेक जिवंत घरी येत, कारण एक नियम होता. लागलेला माणूस खाली बसला की त्याला मारायचं नाही. नडगी फुटली की भलेभले "आई गं" करत बसतात. दुपारपर्यंत निम्मं पात्र बसलेलं असतं, झेंडा पडतो, आणि संध्याकाळी दोन्ही गावं एकमेकांच्या घरी चहा पितात. दोन्हीकडे सोयरिकीच आहेत ना! ज्या घरात नवरा या काठावर, त्या घरातल्या बाईचा भाऊ त्या काठावर. तनुजाचं माहेर निंभोरी.

"यंदा झेंडा आमचाच," त्या संध्याकाळी गजेंद्र म्हणाला. बोटांना त्यानं स्वतःच चिंधी बांधली होती. "पुढं सारे नळीवालेच उतरणार. आमच्यातला एकही बसणार नाई, तनू. एकही."

"अन् समोर प्रफुल असन तं?"

"साळ्यानं घरी बसावं."

"हात जोडते तुमाले. मॅडम म्हणत होत्या, ते नळी..."

पुढचं वाक्य तिला बोलताच आलं नाही. थप्पड अशी बसली की ती चुलीजवळच्या भिंतीवर आदळली आणि कानात शिट्टी वाजत राहिली. गजेंद्र आपल्या हाताकडे बघत उभा होता. आपण हे केलं यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नसावा. क्षणभर तिला तिचा जुना नवरा दिसला. मग त्यानं माठातला तांब्या भरून घेतला, गटागटा प्याला आणि बाहेर निघून गेला.

प्रफुल म्हणजे तनुजाचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. तिनंच त्याला न्हाऊ घातलं, तिनंच जेवू घातलं. आता तो ड्रोननं बागांवर फवारणी करायचा. स्वभावानं इतका गरीब की फवारताना झाडावर घरटं दिसलं तर ते झाड सोडून द्यायचा. शिबिरात त्यालाही नळी बसली होती. मॅडमची ताकीद तो इमानानं पाळत होता, आणि म्हणून कण्हत होता.

थपडेच्या दुसऱ्या दिवशी तनुजा नदी ओलांडून माहेरी गेली. तिच्या गालावरचे वळ पाहून प्रफुल बाजेवरून उठला.

"भाऊजीनं मारलं?"

"ते जाऊ दे. माह्यं आयक. यंदा धोंडेमारीले तू जाऊ नको."

"ताई, निंभोरीचा पोट्टा करीले घरी बसला तं लोकं थुकतीन तोंडावर."

"थुकू दे! जिता तं राहशीन." तिनं त्याचे दोन्ही हात धरले. "आमच्या काठचे लोकं माणसात नाई राह्यले रे बापा. पाणी पेतात अन् लघवी दाबून धरतात. मंग त्या नळीतून औषध सुटते. हाड मोडलं तरी त्याईले समजत नाई. त्यातला एकही बसणार नाई. तुले जित्ता नाई सोडणार ते."

प्रफुल तिच्या गालाकडे पाहत राहिला.

"दाबून धराचं?" त्यानं विचारलं. "एवढंच?"

"हाव, एवढंच. नाई जाणार नं तू? माही शपथ घे."

"नाई जात," तो म्हणाला, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. बिचारी निर्धास्त होऊन परतली. भाऊ आपल्याशी खोटं बोलेल हे तिच्या मनाला शिवलंही नाही.

पोळ्याच्या दिवशी पळसढवच्या नळीवाल्यांनी आपसात तालीम केली. मारुतीच्या पारामागे एकमेकांच्या पाठीवर विटा फोडल्या. गजेंद्र घरी आला तो पाठ सोललेली, गुलालानं माखलेला, दारूचा वास मारत. पुरणपोळी दुधात कुस्करून खाल्ली आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच त्याला झोप लागली. भर दुपारी तोंड उघडं टाकून बाजेवर पसरला.

तनुजानं दाराला कडी लावली. हा उठला तर आपला गळा दाबेल, हे तिला चक्क दिसत होतं. पण दुसरा विचार त्याहून जोरकस होता. याला दुखलं पाहिजे. दुखलं की हा बसेल, आणि बसला की वाचेल. तिनं धोतर बाजूला केलं, मांडीवरची पट्टी अलगद सोडवली, दोरा बोटाला गुंडाळला, आणि मॅडम म्हणाल्या होत्या तसा सावकाश, न थांबता ओढला. गजेंद्रच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. औषध अंगात मुरलेलं होतं. वीतभराहून लांब, निळसर, टोकाला वळलेली ती नळी तिच्या तळहातावर आली. चादरीवर रक्ताचे थेंब पडले. तिनं साडीला फॉल लावायचा धागा त्याच पट्टीखाली चिकटवला, म्हणजे त्याला संशय यायला नको. नळी चुलीत टाकली.

करीच्या सकाळी त्यानं कळशीभर पाणी रिचवलं. रक्तात आदल्या दिवसाचं औषध शिल्लक असणार, कारण मोडक्या बोटांनी तो दगड झेलून दाखवत होता. सांगून टाकावं, असं तिच्या ओठांवर आलं. 'तुमची नळी काढली, आज जाऊ नका,' एवढंच तर म्हणायचं होतं. पण कानातली शिट्टी अजून थांबली नव्हती. ती गप्प राहिली, आणि तो गेला.

करीला बायका घरात राहतात आणि धोंडेमार कानांनी पाहतात. डफडी वाजतात, आरोळ्या उठतात, मग कुणीतरी विव्हळतं, आणि घराघरांत बाया ओळखायचा प्रयत्न करतात की हा आवाज आपल्यातला की काय. त्या दिवशी डफडी वाजली. दगडांचा मारा सुरू झाला, अंगावर पडणाऱ्या दगडांचा बद्द बद्द आवाज येत राहिला. पण ओरडलं कुणीच नाही. ऊन डोक्यावर आलं तरी एक "आई गं" ऐकू आलं नाही. शेजारची म्हातारी दारात येऊन म्हणाली, "काहून व, कोणाले लागूनच नाई राह्यलं का?" तनुजा अनवाणी नदीकडे धावत सुटली.

काठावरून तिनं पाहिलं ते पाहवत नव्हतं. पात्रात कुणीच बसलेलं नव्हतं. एकाचा खालचा जबडा लोंबत होता आणि तो शांतपणे दगड निवडत होता. एकाचं कोपर उलटं फिरलं होतं, तर तो दुसऱ्या हातानं फेकत होता. एकाचा डोळा फुटून गालावर आला होता. तो मान तिरपी करून नेम धरत होता. झेंड्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. झेंडा केव्हाच आडवा होऊन चिखलात पडला होता, आणि माणसं त्यावर पाय देऊन एकमेकांना मारत होती. वरून पोलिसांचं ड्रोन कोकलत होतं, "कृपया खाली बसा, कृपया खाली बसा." शिपाई मूठभर, ते डांबरी रस्त्याकडे पळाले होते.

आणि हे फक्त पळसढवचे नव्हते. निंभोरीचेही तसेच, शिबिरातल्या नळ्यांवाले. त्यांच्यातही कुणी कण्हत नव्हतं, त्यांचेही डोळे लाल होते. त्यांच्या सगळ्यांत पुढे प्रफुल होता. त्याचा एक कान फाटला होता, पांढरा शर्ट छातीपर्यंत लाल झाला होता, आणि तो हसत होता. 'हे मी सांगितलं,' तनुजाला लख्ख कळलं. 'वाचवायला गेले आणि मीच यांना शिकवलं.'

तेवढ्यात नदीत किंकाळी उठली. त्या दिवसातली पहिली. आवाज गजेंद्रचा होता. नडगीवर दगड बसला होता, आणि त्याच्या अंगातलं औषध संपलं होतं. मोडकी बोटं, सोललेली पाठ, फुटलेली नडगी, सगळं एकदम त्याच्यावर कोसळलं. तो ओरडत खाली बसला. नियमाप्रमाणे बसला. दोन्ही हात डोक्यावर घेतले. त्याच्या बाजूची माणसं त्याला ओलांडून पुढे गेली, आणि प्रफुल त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"उठा भाऊजी," तो म्हणाला. "ताईले मारलं नं तुमी? उठा."

"बसलो रे पफ्या," गजेंद्र रडत होता. "बसलो मी."

प्रफुलनं दोन्ही हातांनी मोठा धोंडा उचलला. पहिला घाव खांद्यावर पडला. तनुजा पाण्यात उतरली होती, धडपडत होती, घसा फाडून ओरडत होती, "बसले ते! प्रफुल, बसले ते!" दुसरा घाव डोक्यावर पडला, आणि गजेंद्रचे हात खाली गेले.

ती प्रफुलच्या दंडाला लोंबकळली. त्यानं तिला ओळखलं. त्याच्या चेहऱ्यावर माया दाटून आली, अगदी लहानपणासारखी. "ताई, बाजूले सरक," तो म्हणाला, "तुले लागन," आणि पुन्हा धोंडा उचलला.

तिनं पायाजवळचा दगड घेऊन त्याच्या पाठीत मारला. त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. बरगडीत मारला. काही नाही. याला दुखवून काही उपयोग नाही, हे तिला तेव्हा समजलं. हा थांबेल तो उभंच राहता आलं नाही तर. तिनं तो दगड दोन्ही हातांत घट्ट धरला, बाजूला झाली, आणि ज्या पोराला तिनं बोट धरून चालायला शिकवलं होतं त्याच्या गुडघ्यावर अंगातल्या सगळ्या जोरानं हाणला. त्यानं खाली पाहिलं. तिनं पुन्हा हाणला. गुडघा उलट्या बाजूला वाकला. त्या पायावर त्यानं एक पाऊल टाकलं आणि तो कोसळला. तरी कोपरांवर सरकत तो गजेंद्रकडे निघाला. मग तनुजा त्याच्या पाठीवर बसली, त्याचे केस धरले, तोंड पाण्याबाहेर ठेवलं, आणि तालुक्याहून पोलिसांची गाडी येईपर्यंत तशीच बसून राहिली. हाताच्या अंतरावर तिचा नवरा पडला होता. त्याच्याकडे जायला तिनं भावाला सोडलं असतं तर तो पुन्हा सरकला असता.

इस्पितळात गजेंद्रचं प्रेत मागच्या खोलीत ठेवलं. इंगोले मॅडम तपासून बाहेर आल्या. "त्यांच्या अंगात नळी नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"म्या काढली," तनुजा म्हणाली. "त्याईनं बसावं म्हणून."

मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि वॉर्डाकडे पळाल्या, कारण तिथं ओरडा सुरू झाला होता. औषध उतरायला लागलं होतं. आधी एक खाट, मग तिच्या शेजारची, मग सगळाच वॉर्ड. दिवसभर नदीत जे ओरडणं झालं नव्हतं ते आता एकदम बाहेर पडत होतं, आणि त्यात पळसढवचं कोण, निंभोरीचं कोण, काही समजत नव्हतं.

प्रफुल भिंतीकडच्या खाटेवर होता. तनुजा त्याच्यापासून लांब, दाराला टेकून उभी होती. त्याला कळ फुटली तसा तो कमानीसारखा वाकला आणि किंचाळला. 'दुखू दे,' तिला मनापासून वाटलं. 'दुखू दे याला. जन्मभर दुखू दे.'

"ताई," त्यानं तिला पाहिलं. "माहा गुडघा कोणं फोडला व?"

"म्या."

"काहून?"

"तू थांबून नव्हता राह्यला."

त्याचे डोळे हळूहळू निवळत गेले. ओठ हलले.

"भाऊजी बसले होते नं, ताई?"

"हाव," ती म्हणाली. "बसले होते."

त्यानंतर प्रफुल ओरडला नाही. चादरीचा बोळा त्यानं दातांत धरला. अंग थडथड उडत होतं, घाम गळत होता, पण तोंडातून आवाज काढायला तो तयार नव्हता. मॅडम इंजेक्शनचा ट्रे घेऊन खाटेखाटेनं फिरत होत्या. माणसं तडफडत होती, धरून ठेवल्याशिवाय सुई टोचता येत नव्हती, म्हणून त्या प्रत्येक खाटेशी एकच विचारत होत्या. इथंही त्यांनी विचारलं, "यांचं कोण आहे?"

प्रफुलनं तोंडातला बोळा काढला. "कोणी नाई," तो म्हणाला. "मले नका देऊ."

मॅडम पुढच्या खाटेकडे वळल्या. तेव्हा तनुजा दारातून निघाली, खाटेपाशी आली, आणि तिनं दोन्ही हातांनी भावाचे खांदे गादीवर दाबून धरले.

"मी हाय," ती म्हणाली. "बहीण. याले द्या, मॅडम. लवकर द्या."